सुपरमॅन बिघडवायचा असला की लोइसलाच का मारता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुपरहिरोंवर जो मोठा लेख आला होता तो वाचला, अगदी शेवटपर्यंत वाचला, आणि चिडचिड झाली म्हणून हे पत्र. लेखकाचं म्हणणं असं की सुपरहिरो म्हणजे चांगला विरुद्ध वाईट, बच्चेकंपनीचा माल, आणि हल्ली कुठे २०१३ मध्ये इनजस्टिस नावाच्या व्हिडिओ गेमवाल्यांनी "सुपरमॅनच हुकूमशहा झाला आणि त्याचेच जुने दोस्त त्याच्याशी लढायला उभे राहिले" अशी डार्क स्टोरी आणली तेव्हा या प्रकारात थोडी जान आली. दोन्ही चूक. आणि त्यातही ज्या गेमचं एवढं कौतुक केलंय त्याची सगळ्यात कच्ची बाजू लेखकाच्या लक्षातच आली नाही.

आधी नवीन-जुनं बघू. १९३३ मध्ये क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी स्वतःच छापलेल्या छोट्याशा मासिकात सुपरमॅन नावाचं पात्र पहिल्यांदा आणलं ते चक्क खलनायक होतं, टकला माणूस, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारा, जगावर राज्य करायला निघालेला. म्हणजे नावाचा पहिला मालक हुकूमशहाच! चड्डी-केपवाला भला माणूस त्यानंतर पाच वर्षांनी, १९३८ मध्ये आला, आणि तोही सुरुवातीला काय करत होता बघा, जानेवारी १९३९ च्या अंकात तो एक अख्खी झोपडपट्टी स्वतःच्या हातांनी पाडून टाकतो, का तर सरकार नवीन घरं बांधत नाही, मग पाडलं की बांधावीच लागतील. अडवायला विमानं बॉम्ब टाकतात तर त्याच बॉम्बचा उपयोग करून उरलेलं पाडकाम उरकतो. शेवटी नवीन चकाचक घरं होतात आणि सगळे खूश. मुंबईत राहणाऱ्या कुणालाही हे वाचून पहिला प्रश्न पडणार की मधल्या काळात ती माणसं राहिली कुठे, पण गोष्टीत तो प्रश्न नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की "मला कळतं तुमचं भलं कशात आहे, तुम्ही बाजूला व्हा" हा किडा त्याच्यात पहिल्यापासून आहे, कुणी २०१३ मध्ये बाहेरून आणून सोडलेला नाही.

मग मधली वर्षं हे का दिसलं नाही, तर १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवरच एक कोड, म्हणजे नियमावली, लादून घेतला, त्यात पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही असं कलमच होतं. आता असं कलम असताना हिरोच सत्ता बळकावतो ही गोष्ट कोण छापणार. कोड ढिला पडत गेला तशा या गोष्टी आल्या. १९८१ मध्ये एक्स-मेनचा तो दोन अंकांचा भविष्यकाळ, जिथे रोबोटांचं राज्य आहे, म्युटंट (जन्मतःच अचाट शक्ती असलेली माणसं, एक्स-मेन त्यातलेच) छावण्यांमध्ये आहेत आणि जुना शत्रू मॅग्नेटो व्हीलचेअरवर बसून आपल्या बाजूने आहे (हे उलटं प्रकरण, शत्रू दोस्त झालेला). १९८६ मध्ये फ्रँक मिलरचा म्हातारा बॅटमॅन, ज्याच्यासमोर सुपरमॅन उभा आहे तो सरकारचा पगारी माणूस म्हणून, वाईट वगैरे काही नाही, फक्त सांगितलं ते करणारा. त्या मारामारीत बॅटमॅनच्या मदतीला येतो तो एक हात गमावलेला ग्रीन अ‍ॅरो, दातांनी प्रत्यंचा ओढून क्रिप्टोनाइटचा, म्हणजे सुपरमॅनला दुबळं करणाऱ्या दगडाचा, बाण मारतो. त्यानंतर १९९२ च्या शेवटी हल्कचं भविष्य आलं, तिथे शहराचं नावच डिस्टोपिया, राजा म्हणजे म्हातारा झालेला हल्क, मेस्ट्रो म्हणवून घेणारा, आणि त्याच्याविरुद्ध कट कोण करतं तर रिक जोन्स. ज्या पोराला वाचवायला ब्रूस बॅनर गॅमा बॉम्बच्या मैदानात धावला आणि हल्क झाला तोच हा रिक, आता थेरडा झालेला, मेलेल्या सगळ्या हिरोंच्या वस्तू एका खोलीत जपून बसलाय, कॅप्टन अमेरिकाची ढाल काय, थॉरचा हातोडा काय. मग तो भूतकाळातल्या हल्कला बोलावून घेतो, आणि हा हल्क शेवटी मेस्ट्रोला टाइम मशिनमध्ये टाकून पाठवतो कुठे, तर त्याच गॅमा बॉम्बच्या खाली, त्याच क्षणाला. वाचताना अंगावर काटा येतो. आणि हे सगळं लेखकाच्या "हल्ली"च्या वीस वर्षं आधीचं!

आता मुख्य मुद्दा. २०१३ च्या त्या इनजस्टिस गेममध्ये सुपरमॅन बिघडतो कसा, तर बॅटमॅनचा जुना शत्रू जोकर त्याला विषारी गॅस देऊन भ्रमात टाकतो, त्याला समोर डूम्सडे हा राक्षस दिसतो आणि तो ज्याला उचलून अंतराळात नेतो ती असते लोइस, त्याची बायको, गरोदर. वर तिचं हृदय थांबलं की मेट्रोपोलिस या त्याच्या शहरात अणुबॉम्ब फुटणार अशी सोय जोकरने करून ठेवलेली, तो फुटतो, शहर खलास. मग सुपरमॅन जोकरच्या छातीतून हात आरपार घालतो आणि पाच वर्षांनी पृथ्वीवर त्याचं एकट्याचं राज्य. मी गेम खेळलेय, भाच्यासोबत बसून, आणि मजाही आली, खोटं कशाला बोलू. पण संपादक साहेब, ही पळवाट आहे हो. माणसाची बायको, पोटातलं बाळ, अख्खं शहर एका सकाळी गेलं आणि तो वेडापिसा झाला, यात विचार करण्यासारखं काय उरतं? आपण त्याची कीव करतो. तो चूक का आहे हे कुणी सांगायची गरजच पडत नाही कारण तो शुद्धीवरच नाही असं आपण धरून चालतो.

आणि दर वेळी बाईच का? १९९४ मध्ये ग्रीन लँटर्न नावाच्या हिरोच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलं होतं, हिरोला राग यावा म्हणून. त्यावर चिडून गेल सिमोन नावाच्या बाईंनी १९९९ मध्ये इंटरनेटवर अशा मारलेल्या, छळलेल्या बायकांची यादीच टाकली होती, भली लांबलचक, पुढे त्या स्वतः कॉमिक्सच्या नावाजलेल्या लेखिका झाल्या. लोइस तर तुमच्याच धंद्यातली, बातमीदार, १९३८ च्या पहिल्या अंकापासून. सुपरमॅनला तोंडावर अवघड प्रश्न विचारणारी बाई पहिल्याच फटक्यात उडवून टाकायची आणि मग म्हणायचं बघा त्याला कुणी अडवणारं राहिलं नाही.

याच्या उलट काय करता येतं ते बघायचं असेल तर २००३ च्या जस्टिस लीग (सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे हिरोंची टीम) कार्टूनचे दोन एपिसोड बघा, एकच गोष्ट आहे, दोन भागांत. होय, कार्टून, मुलांच्या वेळेला लागणारं. त्यात एका समांतर दुनियेत सुपरमॅनचा जुना शत्रू लेक्स ल्यूथर राष्ट्राध्यक्ष झालाय, टीममधल्या फ्लॅशला त्याने मारलंय आणि जग अणुयुद्धाच्या तोंडावर आणून ठेवलंय. सुपरमॅन व्हाइट हाऊसमध्ये शिरतो आणि डोळ्यांच्या किरणांनी त्याला जाळतो. आता इथेही दोस्त मेलाय हे मान्य, पण तो शुद्धीवर आहे, शांत डोक्याने करतो आणि त्याची पूर्ण टीम त्याच्यासोबत जाते, एकटा वेडा नाही. पुढे ते जस्टिस लॉर्ड्स होतात. गुन्हे बंद. जोकर अर्कम या वेड्यांच्या इस्पितळात सभ्य माणसासारखा वागतो कारण त्याच किरणांनी त्याच्या मेंदूचा एक भाग जाळून टाकलाय, बाहेरून काही दिसत नाही, कपाळावर दोन छोटे डाग तेवढे.

आणि मग आपला बॅटमॅन आणि तिथला बॅटमॅन समोरासमोर येतात. मारामारी होते, पण खरी लढाई वादाची. तिथला म्हणतो, हो, लोकांचं स्वातंत्र्य घेतलं, पण त्या बदल्यात असं जग दिलं की जिथे आठ वर्षांच्या कुठल्याही पोराचे आईबाप कुणी भुरटा गोळी घालून मारणार नाही. आता बॅटमॅनचं अख्खं आयुष्य याच एका गोष्टीवर उभं, लहानपणी त्याचे आईबाप असेच मारले गेले, तो काय उत्तर देणार? देत नाहीच. हातातलं शस्त्र खाली टाकतो, हरलो म्हणतो. मुलांच्या कार्टूनमध्ये हिरो वादात हरतो आणि लेखक त्याला हरू देतात! मग दोघं गाडीतून जाताना रस्त्याकडेच्या हॉटेलात एक माणूस बिल जास्त लावलं म्हणून तक्रार करतोय, आणि पोलीस येऊन त्याला उचलून घेऊन जातात. बस, बिलावरून. आपला बॅटमॅन शांतपणे म्हणतो, त्यांना इथे फार आवडलं असतं, नाही? तिथला विचारतो, कुणाला? तर म्हणतो आईबाबांना, तुझा किती अभिमान वाटला असता. त्यावर तिथला फक्त गाडी चालव म्हणतो, पण मोडतो तो तिथेच. यात ना बायको मेली, ना शहर उडालं, एका बिलावर काम झालं.

आणि लॉर्ड्सना हरवायला आपल्या लीगला काय करावं लागतं तेही बघा, आपल्या दुनियेतल्या ल्यूथरकडेच जावं लागतं, तो त्यांची शक्ती काढून घेणारं यंत्र देतो आणि बदल्यात माफी घेतो, तुरुंगातून मोकळा. फुकट काही मिळत नाही. त्याची किंमत पुढच्या सीझनमध्ये वसूल होते, सरकारला ती दुसरी दुनिया कळते आणि ते लीगविरुद्धच हत्यारं बनवायला लागतात, म्हणतात उद्या हेही तसेच झाले तर? चूक म्हणता येत नाही. तिथे क्वेश्चन नावाचा एक सटकलेला हिरो आहे, माझा फार लाडका, तो स्वतःच ल्यूथरला मारायला जातो, का तर सुपरमॅनच्या हातून ते घडू नये म्हणून.

आपल्याला ही भानगड कळायला खरं तर जड जाऊ नये. भीष्मांशी लढायचं तर कसं, हे विचारायला पांडव रात्री त्यांच्याच तंबूत गेले होते आणि म्हाताऱ्याने स्वतः सांगितलं की शिखंडीला पुढे करा. सुपरमॅननेही हेच केलंय, १९९० च्या एका गोष्टीत तो क्रिप्टोनाइटची अंगठी बॅटमॅनच्या हातात देतो, मी कधी बिघडलो तर तुझ्याकडे असू दे म्हणून. इनजस्टिस गेममध्येसुद्धा, लोइसचं ते सोडा, पण एक गोष्ट झकास आहे, सुपरमॅनला पाडू शकणारं क्रिप्टोनाइटचं हत्यार बॅटमॅनच्या गुहेत कुलूपबंद आहे आणि ते कुलूप एकट्या बॅटमॅनने उघडत नाही, वंडर वुमन, अ‍ॅक्वामॅन, ग्रीन लँटर्न, ग्रीन अ‍ॅरो हेही लागतात, सगळ्यांचा डीएनए. आता त्या दुनियेत यातला कुणी मेलाय तर कुणी सुपरमॅनला जाऊन मिळालाय, म्हणून तर बॅटमॅन दुसऱ्या दुनियेतून त्यांचे जुळे उचलून आणतो. जुन्या दोस्ताला मारायचं हत्यार बाकीच्या दोस्तांच्या संमतीशिवाय उघडूच नये, ही कल्पना ज्याला सुचली त्याला सलाम. पण शेवटी परत दुसऱ्या दुनियेतला चांगला सुपरमॅन आणून वाईटाला बडवायला लावतात तिथे माझा पुन्हा मूड गेला.

किंगडम कमबद्दल (१९९६, लेखक मार्क वेड, चित्रं अ‍ॅलेक्स रॉसची, रंगवलेलं पान न् पान) लेखात एक ओळही नसावी याचं मात्र नवल वाटलं. त्यातही लोइस मेलेलीच आहे, जोकरनेच मारलेली, पण तिथे सुपरमॅन चवताळत नाही, रुसून शेतात जाऊन बसतो दहा वर्षं, आणि परत येतो तो व्यवस्था लावायला. ऐकत नाहीत त्या नवीन पोरांसाठी तुरुंग बांधतो. त्याच्याविरुद्ध उभा राहणारा बॅटमॅन तरी कुठे धुतल्या तांदळाचा, त्याने स्वतःचं गॉथम शहर रोबोटांच्या पहाऱ्यात ठेवलंय. शेवटी युनायटेड नेशन्सने बॉम्ब टाकून बहुतेक सगळे हिरो मारले म्हणून सुपरमॅन त्या इमारतीचं छत खाली ओढायला लागतो तेव्हा त्याला थांबवतो कोण, तर नॉर्मन मकॅ नावाचा एक म्हातारा पाद्री, अंगात कसली शक्ती नाही, उडता येत नाही, फक्त समोर उभा राहून बोलतो. टीम-बीम काही कामाला येत नाही.

तर लेखकाला माझ्यातर्फे एवढं सांगा, जमलं तर ते २००३ चे दोन भाग बघून परत एकदा लिहा, आणि लिहाल तेव्हा लेखक-चित्रकारांची नावं छापा, "अमुक कंपनीचं कॉमिक" एवढ्यावर भागवू नका, नाटकाचं परीक्षण लिहिताना असं करता का? आणि कुणी कॉमिक्सवाला हे वाचत असेल तर मला एक गोष्ट पाहिजे. सुपरमॅनचं राज्य आलंय, युद्धं थांबलीत, चोऱ्या थांबल्यात, आणि लोइस धडधाकट जिवंत आहे, त्याच्याच घरात राहते, रोज सकाळी डेली प्लॅनेट या तिच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसला जाते. तिला उद्याचा अंक काढायचाय आणि नवऱ्याने काल कुणालातरी विनाचौकशी उचललंय. बातमी पहिल्या पानावर घेणार की नाही, आणि घेतली तर संध्याकाळी घरी काय होणार? चार अंकांचं मटेरियल आहे, एकही बुक्की न मारता.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे