वर्धेने कोळसा आणला नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील चंद्रपूरच्या कोळशावरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने आणि दुसऱ्यांदा डोक्याला हात लावून. ‘वर्धा खोऱ्यातील कोळसा’ म्हणजे वर्धा नदीच्या गाळात तयार झालेला कोळसा, असा अर्थ काढून लेखकमहाशयांनी ‘भूगर्भातील हालचालींचा येथे संबंध नाही’ असेही ठोकून दिले आहे. वर्धा वरच्या टप्प्यात ज्या काळ्या कातळावरून वाहते, तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि आपला कोळसा 25 कोटी वर्षांहून जुना आहे. नातीने आजीचे बारसे केले म्हणण्यातलाच हा प्रकार.

आम्ही भूवैज्ञानिक ज्याला खोरे म्हणतो, ती खचलेली जमीन असते. धारवाड आणि बस्तर या दोन प्राचीन, टणक भूखंडांमधला पट्टा गोंडवन काळात, म्हणजे आपला कोळसा साचला त्या काळात, ताणला जाऊन वायव्य-आग्नेय दिशेच्या प्रस्तरभंगांवर (ज्या भेगांवरून खडक वर-खाली सरकतात त्यांवर) खचत गेला आणि जसजसा तो खचला, तसतशी त्यात वाळू, चिखल व कुजक्या वनस्पतींची भर पडत गेली. नद्यांनी आणि दलदलींनी साठवलेला गाळ प्राणहिता-गोदावरीच्या पट्ट्यात तीन किलोमीटरहून अधिक जाड झाला, तो तळ खाली जात राहिल्याशिवाय कसा होईल?

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, वणीकडच्या एका शिवारात, शेजारच्या बोअरला 92 मीटरवर लागलेला कोळसा आमच्या बोअरला 160 मीटरपर्यंत गेलो तरी लागेना. लाकडी पेट्यांत नुसता लालसर वाळूखडक रचला जात होता. ड्रिलर म्हणाला, ‘साहेब, कोळसा चोरीला गेला.’ जागा चुकवल्याबद्दल वरिष्ठांनी मला मजुरांदेखत झाडले, ते आजही विसरलेलो नाही. 171 मीटरवर कोळसा लागला, कारण मध्ये प्रस्तरभंग होता! बोअर तालचिरच्या, म्हणजे गोंडवन थरांच्या अगदी तळाच्या, दगडगोट्यांपर्यंत नेल्यावर कळले की, कोळशाखालचा पांढुरका वाळूखडक शेजारी 40 मीटर आणि आमच्याकडे 58 मीटर जाड होता. म्हणजे कोळसा साचण्याआधीपासूनच आमची बाजू खाली बसत होती आणि कोळसा साचल्यानंतरही ती बसत राहिली. वरिष्ठांनी अहवालावर सही केली. दिलगिरीचा मात्र शब्दही काढला नाही.

4 डिसेंबर 2024 रोजी तेलंगणातील मुलुगूजवळच्या 5.3 तीव्रतेच्या भूकंपाने चंद्रपूर-गडचिरोलीतले पंखे हलले, तेव्हा आपणच पहिल्या पानावर बातमी दिली होती. तो धक्का याच गोदावरी खचदरीच्या परिसरातला होता, हे लेख छापण्यापूर्वी कोणाला आठवले नसावे.

जाता जाता आणखी एक. ‘चंद्रपूरचे गाळाचे खडक’ म्हणून छापलेल्या छायाचित्रातले सहा बाजूंचे काळे खांब लाव्ह्याचे आहेत. दुरुस्ती छापताना तेवढा फोटोही बदलावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूवैज्ञानिक, चंद्रपूर