तडजोड लपवावी का लागते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

युद्धाच्या आणि शस्त्रसंधीच्या बातम्या गेली काही वर्षे आपण सगळेच जवळजवळ रोज वाचत आहोत. त्यांच्या मथळ्यांत आणि त्यांवर रंगणाऱ्या चर्चांत एकच सूर ऐकू येतो : अमुक देशाने नांगी टाकली, तमुक नेत्याने शेपूट घातली, कोणी कोणाला गुडघे टेकायला लावले. हा केवळ लेखनशैलीचा भाग असता, तर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु थांबणे, मागे येणे, देवाणघेवाण करणे या राजकारणातील अत्यावश्यक गोष्टींवर एकदा नामर्दपणाचा शिक्का बसला, की त्या उजळ माथ्याने करता येत नाहीत. मग त्या एकतर चोरून केल्या जातात किंवा केल्याच जात नाहीत, आणि या दोन्हींची किंमत काय पडते याची नोंद इतिहासात पुरेशा तपशिलाने झालेली आहे.

सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे उभारल्याचे उघड झाल्याने ऑक्टोबर १९६२ मध्ये जे क्युबा संकट उद्भवले, त्याची सर्वतोमुखी झालेली हकीकत अशी, की अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी ठाम उभे राहिले आणि सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांना माघार घ्यावी लागली. नजरेला नजर भिडली आणि समोरच्याची पापणी लवली, या आशयाचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांचे उद्गार खंबीर नेतृत्वाचा दाखला म्हणून आजही दिले जातात. प्रत्यक्षात २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रीनिन यांना आपल्या कार्यालयात बोलावून घेतले होते, आणि तुर्कस्तानात उभी केलेली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे चार-पाच महिन्यांत काढून घेतली जातील, असा शब्द दिला होता. त्याला अट एकच होती, ती म्हणजे याची कोठेही वाच्यता होता कामा नये. हा समझोता कागदावर यावा म्हणून सोव्हिएत बाजूने पत्र दिले, तेव्हा ते कधीकाळी उजेडात आले तर आपल्या राजकीय भवितव्याला धक्का बसेल, असे कारण सांगून रॉबर्ट केनेडी यांनी ते परत केले. एप्रिल १९६३ पर्यंत ती क्षेपणास्त्रे गाजावाजा न करता हलवण्यात आली. या सौद्यावरचा पडदा केनेडींचे निकटचे सहकारी थिओडोर सोरेन्सन यांनी स्वतःच्या तोंडाने दूर केला, तो थेट १९८९ मध्ये.

या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग मात्र अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांच्या वाट्याला आला. संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेच्या या प्रतिनिधीने क्षेपणास्त्रांच्या अदलाबदलीचा विचार सल्लागारांच्या बैठकीत मोकळेपणाने मांडला होता. संकट निवळल्यावर डिसेंबर १९६२ मध्ये एका मोठ्या अमेरिकी साप्ताहिकात लेख आला, आणि त्यात एका अनामिक अधिकाऱ्याच्या हवाल्याने स्टीव्हन्सन यांना ‘म्युनिक’ हवे होते, म्हणजे हिटलरपुढे १९३८ मध्ये पत्करली गेली तशी शरणागती हवी होती, असे छापले गेले. जगाला अणुयुद्धापासून दूर नेण्यात ज्या उपायाचा मोठा वाटा होता, तो उपाय सुचवणारा मनुष्य मवाळ ठरला, आणि तोच उपाय अंधारात अमलात आणणारे मर्द ठरले. पुढाऱ्यांच्या एका संपूर्ण पिढीने यातून कोणता धडा घेतला असेल, हे सांगण्यासाठी फार कल्पनाशक्ती लागत नाही.

त्या पिढीतील एक होते तेव्हाचे उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन. या गुप्त सौद्याची माहिती जी मोजकी मंडळी राखून होती, त्यांत जॉन्सन नव्हते. पुढे ते अध्यक्ष झाले आणि व्हिएतनामचा प्रश्न त्यांच्यासमोर आला, तेव्हा ताणून धरले की समोरचा वाकतो, हीच शिकवण त्यांच्या गाठीशी होती. २४ मार्च १९६५ रोजी, म्हणजे अमेरिकी नौसैनिकांची पहिली लढाऊ तुकडी दक्षिण व्हिएतनाममधील दा नांग येथे उतरल्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, संरक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकारी जॉन मॅकनॉटन यांनी एक टिपण तयार केले. या युद्धामागील अमेरिकेच्या उद्दिष्टांची त्यांनी टक्केवारीच मांडली होती : मानहानीकारक पराभव टाळणे ७० टक्के, दक्षिण व्हिएतनामचा प्रदेश चीनच्या हाती पडू न देणे २० टक्के, आणि तेथील जनतेला अधिक चांगले व मुक्त जीवन मिळवून देणे १० टक्के. सरकारी टिपणांत सहसा न सापडणारा प्रामाणिकपणा या आकड्यांत आहे, म्हणूनच कदाचित ते गोपनीय होते. १९७१ मध्ये संरक्षण खात्याची कागदपत्रे फुटली तेव्हा ते जगापुढे आले. माघार घेतली असती तर मला भेकड म्हटले गेले असते, असे जॉन्सन यांनीही नंतर आपल्या आठवणींच्या लेखनात मदत करणाऱ्या एका तरुण अभ्यासक महिलेजवळ बोलून दाखवले. मॅकनॉटन यांनी ते टिपण लिहिले, त्या वेळी व्हिएतनाममध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या शेकड्यांत होती. शेवटी ती ५८,००० च्या वर गेली. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे त्यांच्या बाजूचे ११ लाख लढवय्ये मेले आणि दोन्हीकडचे मिळून २० लाख नागरिक. यातील ७० टक्के मृत्यू अब्रूपायी झाले, असा हिशेब कोणी करू नये, कारण मृत्यू अशा रीतीने वाटून देता येत नाहीत. मात्र नाक कोणाचे वाचवायचे होते आणि जीव कोणाचा गेला, एवढे तरी विचारलेच पाहिजे.

पुरुषत्वाची ही कसोटी नेत्याला आणि सैनिकाला सारखी लागू होत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. नेता हरला तर निवडणूक हरतो, फार तर त्याच्या चरित्रात एक अप्रिय प्रकरण वाढते. सैनिकाची गोष्ट वेगळी असते. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनमधील फोकस्टन गावी चार्ल्स पेनरोज फिट्झजेराल्ड या निवृत्त अ‍ॅडमिरलने तीस महिलांना एकत्र करून, गणवेशात न दिसणाऱ्या तरुणांच्या हाती भर रस्त्यात पांढरे पीस ठेवण्याची मोहीम सुरू केली. हे पीस भित्रेपणाची खूण मानले जात असे. स्वतः फिट्झजेराल्ड सत्तरी ओलांडलेले होते, तेव्हा त्यांच्यावर खंदकात जाण्याची वेळ येणार नव्हती. ही पिसे पुढे जखमी होऊन घरी परतलेल्या आणि साध्या कपड्यांत फिरणाऱ्या सैनिकांच्याही हाती पडू लागली. आपण लढून आलो आहोत, हे दाखवणारा रुपेरी बिल्ला अशांना सप्टेंबर १९१६ पासून सरकारने छातीवर लावण्यासाठी दिला. हात किंवा फुप्फुस गमावून आलेल्या माणसाला आपण भेकड नसल्याचे प्रमाणपत्र छातीवर मिरवावे लागावे, याहून अधिक ओशाळवाणी गोष्ट कोणती?

याच महायुद्धात हॅरी फार हा २५ वर्षांचा ब्रिटिश शिपाई १९१५ मध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्याने मन हादरल्यामुळे पाच महिने इस्पितळात होता. तेथून त्याला पुन्हा आघाडीवर धाडण्यात आले. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याने पुढे जाण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयासमोर त्याच्या बाजूने बोलायला वकील नव्हता, सुनावणी वीसेक मिनिटांत आटोपली आणि ऑक्टोबरमध्ये त्याला त्याच्याच सैन्याने भेकडपणाच्या गुन्ह्याखाली गोळ्या घातल्या. मागे राहिलेल्या पत्नीला विधवेचे निवृत्तिवेतन नाकारले गेले, आणि नवऱ्याचा मृत्यू कसा झाला हे तिने लाजेपोटी कित्येक वर्षे मनातच ठेवले. अशा एकूण ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती २००६ मध्ये, नव्वद वर्षांनी. त्यांना शिक्षा सुनावणाऱ्या अधिकाऱ्यांना वेड्यावाकड्या झालेल्या मनाची लक्षणे दिसत नव्हती, असे म्हणता येत नाही, कारण या विकाराचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात १९१५ मध्येच आले होते. पुरुषाने असे हादरायचे नसते, हा समज डॉक्टरांच्या मतापेक्षा वजनदार ठरला.

तो समज अजूनही पुरता गेलेला नाही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या एका अभ्यासाने २०२१ मध्ये अंदाज मांडला, की ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या युद्धांत सुमारे ७,००० अमेरिकी सैनिक मारले गेले, तर त्या काळात सेवेत असलेल्या आणि त्या युद्धांतून परतलेल्यांपैकी ३०,००० हून अधिक जणांनी आत्महत्या केली. या आत्महत्यांमागे अनेक कारणे आहेत. पण मदत मागणे म्हणजे कमकुवतपणा, ही ज्या शिस्तीची शिकवण, त्या शिस्तीत वाढलेला मनुष्य मदत मागायला उशिरा येतो किंवा येतच नाही, हे कारण त्यांत नाही असे कोण म्हणेल? सभेत छाती बडवून टाळ्या घेणाऱ्या वक्त्याला या आकड्यांबद्दल कोणी प्रश्न विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

पुरुष म्हणजे शस्त्र, हे समीकरण शत्रूही तितक्याच निष्ठेने पाळतो. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे बोस्नियन सर्ब सैन्याने स्त्रिया आणि लहान मुलांना बसमध्ये बसवून बाहेर काढले आणि पुरुष व किशोरवयीन मुलांना बाजूला केले. तेथे आणि भोवतालच्या रानात पकडले गेलेले धरून सुमारे ८,००० जण काही दिवसांत ठार केले गेले. दुसरीकडे, शत्रूच्या पुरुषांना आपल्या बायकांचेही रक्षण करता आले नाही, हे दाखवून देण्यासाठी स्त्रियांवर अत्याचार करणे हे युद्धाचे तंत्रच बनले. रवांडाविषयीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये तेथील अकायेसू या माजी नगरप्रमुखावरील खटल्यात अशा बलात्कारांना वंशसंहाराचा भाग ठरवले, आणि सुरक्षा परिषदेला युद्धातील लैंगिक हिंसेविरुद्धचा ठराव क्रमांक १८२० संमत करण्यासाठी २००८ साल उजाडावे लागले.

नेतृत्व स्त्रीच्या हाती गेले की हे आपोआप बदलेल, अशी आशा काही जण बाळगतात. मला ती भाबडी वाटते. मार्गारेट थॅचर यांना सोव्हिएत लष्कराच्या वृत्तपत्राने हिणवण्यासाठी १९७६ मध्ये दिलेली ‘पोलादी स्त्री’ ही उपाधी त्यांनी अभिमानाने मिरवली. कणखर स्त्रीची स्तुती करायची तर मंत्रिमंडळातील एकमेव पुरुष म्हणून, आणि पुरुषाची निर्भर्त्सना करायची तर हातात बांगड्या भरल्या आहेत का असे विचारून, ही रीत चालू असेपर्यंत खुर्चीवर कोण बसले आहे याने फारसा फरक पडणार नाही. सध्याच्या काळात तर हे प्रदर्शन अधिक उघड झाले आहे. रशियाच्या नेत्याची २००९ मधील उघड्या अंगाची, घोड्यावर स्वार झालेली छायाचित्रे जगभर फिरली. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी, उत्तर कोरियाच्या नेत्यापेक्षा आपले अण्वस्त्रांचे बटण कितीतरी मोठे असून ते चालतेही, असे जाहीरपणे लिहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच अध्यक्षांनी आपल्या संरक्षण खात्याला ‘युद्ध खाते’ हे जुने नाव जोडनाव म्हणून पुन्हा बहाल केले. शाळेच्या मैदानावर ज्या वर्तनाबद्दल मुलांचे कान उपटले जातात, त्या वर्तनाचे विश्लेषण आपण रात्री उशिरापर्यंत मुत्सद्देगिरी म्हणून ऐकतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. आक्रमण झाले तर कोणीतरी लढावेच लागते, आणि लढण्यासाठी धैर्य लागते, हे मला मान्य आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केले, तेव्हा युक्रेनमध्ये अनेकांनी स्वेच्छेने शस्त्र उचलले, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. त्याच वेळी १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास बंदी करण्यात आली, आणि सीमेपर्यंत कुटुंबाला पोहोचवून बाप मागे फिरला. अशा माणसांच्या धैर्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु मागे न हटणे हे धैर्याचे एकमेव रूप मानले, तर वासिली अर्खिपोव्ह यांच्यासारख्यांना कोठे बसवायचे? ज्या दिवशी रॉबर्ट केनेडी राजदूतांशी बोलत होते, त्याच २७ ऑक्टोबर १९६२ रोजी क्युबाजवळ अमेरिकी नौदलाने घेरलेल्या एका सोव्हिएत पाणबुडीत, सहकाऱ्याने पुढे दिलेल्या साक्षीनुसार, संतापलेला कप्तान अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो सज्ज करायला निघाला होता, आणि त्याच पाणबुडीवरील अधिकारी अर्खिपोव्ह यांनी त्याची समजूत घालून पाणबुडी पृष्ठभागावर आणवली. शत्रूच्या देखत वर येणे ही नामुष्कीच होती. मायदेशी परतल्यावर या नौसैनिकांच्या पदरी वरिष्ठांची बोलणीच पडली.

महोदय, आपल्या वृत्तपत्राने कोणाची बाजू घ्यावी, हे सुचवण्याचा मला अधिकार नाही. एवढीच विनंती आहे, की शस्त्रसंधी झाल्यावर कोण झुकले हे ठळक टाइपात छापताना कोणत्या बाजूने काय दिले आणि काय घेतले, हेही त्याच पानावर, तितक्याच जागेत छापावे. चर्चेचा मार्ग सुचवणाऱ्याला मवाळ ठरवणारी अनामिक अधिकाऱ्याची विधाने, ते अधिकारी नाव द्यायला तयार नसतील, तर सरळ बाजूला ठेवावीत. आणि मृत सैनिकांच्या बातम्यांत त्यांचे वय न चुकता द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक