त्रेपन्नाव्या वर्षी ऑटिझमचे निदान, आणि चाळीस टक्क्यांची अट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२ एप्रिलच्या जागतिक ऑटिझम (स्वमग्नता) दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेले लेख वाचले. मुलांविषयी, त्यांच्या आयांविषयी, लवकर निदान होण्याविषयी ते मनापासून लिहिलेले होते. मोठ्या माणसांचा उल्लेख मात्र कुठेच सापडला नाही. ही मुले मोठी होणार आहेत. शिवाय आमच्यासारखे कितीतरी जण निदान न होताच मोठे झाले आहेत. मी त्रेपन्न वर्षांची आहे, गोव्यात साखळीला राहते आणि पणजीत एका सरकारी खात्यात यूडीसी, म्हणजे वरिष्ठ लिपिक आहे. गेल्या वर्षी मला ऑटिझम असल्याचे निदान झाले.

‘या वयात?’ असे मला जवळजवळ प्रत्येकाने विचारले, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या ज्या निदानपुस्तकाचा आधार जगभर घेतला जातो, त्यात ऑटिझमला स्वतंत्र नोंद मिळाली १९८० साली. तेव्हा मी तिसरीत होते. आमच्या मास्तरांना हे कुठून ठाऊक असणार? माझे अक्षर चांगले, पाढे तोंडपाठ, वर्गात आवाज नाही. अशा मुलीची कोणाला काळजी वाटत नाही. मधल्या सुट्टीत मी ओसरीवर बसून समोरच्या छपराची कौले मोजायची आणि एखादे बदललेले दिसले की दिवसभर अस्वस्थ असायची. आई म्हणायची, लाजरी आहे, लग्न झाले की बोलकी होईल.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या घरी सगळे भाऊबंद जमतात. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली रानफळांची चौकट, बांधण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे. कांगले कुठे, कवंडळ कुठे, आंबाड्यांचा घोस कोणत्या काठीला, नारळांचा घड कुठल्या कोपऱ्याला, प्रत्येक वर्षाची मांडणी मला आजही सांगता येईल. ते करताना कोणाशी बोलावे लागत नसे आणि माझे मन स्थिर राही. घुमट आरतीही मला प्रिय आहे, तिचा ताल मला आतून कळतो. पण आरती संपून अंगणात फटाक्यांची माळ लागली की मी कोठीच्या खोलीत जाऊन दोन्ही कानांवर उशी दाबून बसायची. पाहुणे जेवायला बसले तरी मी बाहेर येत नसे. वाढायला कोण नाही म्हणून बोलणी खाल्ली, सासरीही खाल्ली.

लोकांशी बोलताना त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध पाहायचे, म्हणजे आपण डोळ्यांत पाहतो असे त्यांना वाटते, हे मी अकरावीत शिकले. बाळंतिणीला भेटायला गेल्यावर काय विचारायचे, मयताच्या घरी काय बोलायचे, ती वाक्ये माझी पाठ आहेत. त्याच निदानपुस्तकाच्या २०१३ च्या आवृत्तीत हे नोंदवलेले आहे: लक्षणे लहानपणापासून असतात, पण समोरच्यांच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पुरती दिसत नाहीत आणि शिकून घेतलेल्या सवयींखाली झाकलीही जातात. आपल्याकडे मुलींना गप्प बसायला आणि सगळ्यांचे मन राखायला इतके लवकर शिकवतात की आमच्यातल्या किती जणी अशा झाकल्या गेल्या असतील, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही.

माझ्या बाबतीत अपेक्षा न झेपण्याची ती वेळ कचेरीत आली. माझी बहुतेक नोकरी रेकॉर्ड विभागात गेली. फाइल कोणत्या कपाटात, कोणत्या वर्षीच्या गठ्ठ्यात, हे लोक मला विचारायला येत. मग कागद संगणकावर गेले, विभाग मोडला आणि आम्हा सर्वांना एका मोठ्या हॉलमध्ये बसवले. मला काउंटरजवळची जागा मिळाली. एकाच वेळी फोन वाजतात, लोक काचेवर बोटे वाजवतात, डोक्यावरची ट्यूबलाइट फडफडते आणि साहेब चालता चालता तोंडी काम सांगून पुढे जातात. दुपारपर्यंत अशी अवस्था होई की समोरच्या कागदावरची अक्षरे दिसत, पण अर्थ लागत नसे. संध्याकाळी कदंब बसमध्ये बसले की हात थरथरत असायचे.

मी अर्ज केला. मागितले एवढेच, की भिंतीकडचे टेबल द्यावे आणि कामे लेखी सांगावीत. उत्तर मिळाले, ४० टक्के अपंगत्वाचा दाखला आणा, मग पाहू.

एका खासगी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनी सविस्तर तपासणी केली. आई हयात नाही, म्हणून माझी थोरली बहीण, आमची माई, सोबत बसली. मी उशिरा बोलायला लागले, पाच वर्षांची होईपर्यंत एकाच वाटीत जेवायचे, वाटी बदलली तर उपाशी झोपायचे, हे सगळे तिने सांगितले. निदान स्पष्ट आले. तो अहवाल वाचताना मी रडले, आणि ते दुःखाने नव्हते.

मग दाखल्यासाठी सरकारी मंडळापुढे गेले. खिडकीवरच्या बाईंनी कागद पाहून विचारले, “आतां ह्या पिरायेर तुमकां हें कित्याक जाय?” (आता या वयात तुम्हाला हे कशाला हवे?) त्यांचा हेतू वाईट नसेल, पण मागे रांग उभी होती आणि मला काही बोलता आले नाही. आपल्याकडे दाखल्यासाठी जी मोजपट्टी वापरतात, ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० पेक्षा कमी भरले तर ऑटिझम नाही असे धरतात. नजर टाळते का, एकटीच तेच ते खेळत बसते का, बोललेले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते का, असे मुद्दे त्यात आहेत. मुलांना आणि तरुणांना नजरेसमोर ठेवून केलेली ही पट्टी त्यांच्यासाठी उपयोगी असेलच. पण मी तर समोरच्या डॉक्टरांच्या भुवयांमध्ये पाहून, पाठ केलेल्या पद्धतीने नीट उत्तरे देत होते. माझी बेरीज सत्तरच्या आत राहिली. चाळीस वर्षे कष्टाने शिकलेले वागणे त्या दिवशी माझ्याविरुद्ध पुरावा ठरले.

कायदा काय म्हणतो ते मी स्वतः वाचले आहे, कारण वाचणे मला जमते. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. मी नोकरीला लागले तेव्हा तोच कायदा होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि ऑटिझमचे नाव त्यात आहे. त्या कायद्यात वयाची मर्यादा घातलेली नाही. दिव्यांग व्यक्तीच्या व्याख्येत टक्केवारीही नाही. दीर्घकाळची उणीव आणि समोरचे अडथळे मिळून ज्याच्या सहभागात बाधा येते, तो दिव्यांग. ४० टक्क्यांची अट आहे ती राखीव जागांसारख्या लाभांसाठी. कलम २० मात्र सांगते की सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यायचीच आहे. मग भिंतीकडच्या टेबलासाठी ४० टक्के कशाला? मला राखीव जागा नको, बढती नको. निवृत्तीला उरलेली वर्षे मला काम नीट करता यावे एवढेच हवे आहे.

माझी तरी नोकरी आहे, यजमान समजूतदार आहेत. गावागावांत भावाच्या घरी आश्रयाला राहिलेले, लग्न न झालेले, ‘थोडा वेगळा आहे’ म्हणून सोडून दिलेले कितीतरी मामा-मावश्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक मानधन, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा, आई-वडिलांमागे कायदेशीर पालक नेमण्याची सोय, या सर्वांचे दार त्या एका दाखल्याने उघडते. आणि दाखला देणाऱ्यांची पद्धत मुलांसाठी बेतलेली आहे. पणजीत २०२३ पासून दिव्यांगांचा पर्पल फेस्ट भरतो, गोमंतकीय म्हणून मला त्याचा अभिमान आहे. त्याच सरकारकडे माझे मागणे आहे की प्रौढांच्या ऑटिझम तपासणीसाठी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ठरावीक दिवस असावा आणि तो जाहीर करावा. मंडळाने भावंडांची साक्ष, जुनी शाळेची कागदपत्रे आणि प्रौढांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांचा अहवाल बेरजेच्या बरोबरीने विचारात घ्यावा. कार्मिक खात्याने सर्व कचेऱ्यांना एक परिपत्रक पाठवून सांगावे की वाजवी सोयीसाठी टक्केवारी मागू नये. यातल्या शेवटच्या गोष्टीला एक रुपयाही लागत नाही.

मंडळाच्या निर्णयावर कलम ५९ खाली अपील करता येते. ते मी केले आहे आणि सोबत माईचे सहीनिशी निवेदन जोडले आहे. ज्यांना स्वतःविषयी किंवा घरच्या कोणाविषयी अशी शंका असेल त्यांनी एक करावे. जुनी प्रगतिपुस्तके फेकू नयेत. आणि आई-वडील हयात असतील तर तुमचे बालपण कसे होते ते त्यांच्याकडून आताच लिहून घ्यावे, तारीख घालून, सही घेऊन.

आपली नम्र,
एक वाचक, साखळी
(नाव छापू नये ही विनंती.)