कॅन्सस म्हणजे फक्त दोन गाणी नव्हेत

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला प्रोग्रेसिव्ह रॉकवरचा, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीतावरचा लेख वाचला. येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडांवर लेखकाने भरभरून लिहिलं आहे. अमेरिकेच्या 'कॅन्सस'ची मात्र 'डस्ट इन द विंडवाला बँड' म्हणून एका ओळीत बोळवण केली आहे. हे काही पटलं नाही.

हा बँड कॅन्सस राज्यातल्या टोपेकाचा, अमेरिकेच्या ऐन शेतीपट्ट्यातला. १९७४च्या पहिल्या अल्बमवर त्यांनी जॉन ब्राउनचं चित्र छापलं. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचललेल्या या माणसाचं ते भित्तिचित्र त्यांच्याच राज्याच्या विधानभवनात आहे. पुढच्याच वर्षी आलेलं 'साँग फॉर अमेरिका' हे गाणं दहा मिनिटांचं. गोऱ्यांच्या आगमनाने त्या भूमीची काय दशा झाली, हा त्याचा विषय. कॅन्सस म्हणजे ब्रिटिशांची नक्कल असं कोणी म्हणेल, पण परीकथांत रमणाऱ्या ब्रिटिश बँडांची नक्कल यात कुठे आहे?

आणि व्हायोलिन! बँडचा व्हायोलिनवादक रॉबी स्टाइनहार्ट पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला. त्याचं व्हायोलिन तोंडी लावण्यापुरतं नव्हतं, गिटारच्या बरोबरीने ते धून पुढे नेतं. तो गायचाही झकास.

'लेफ्टओव्हर्चर' या अल्बमच्या (१९७६) वेळी मुख्य गायक स्टीव्ह वॉल्शला नवं काही सुचेना, तेव्हा गाणी लिहिण्याचा बहुतेक भार बँडमध्ये गिटार आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या केरी लिव्हग्रेनने उचलला. बँडचं दुसरं गाजलेलं गाणं 'कॅरी ऑन वेवर्ड सन' त्याने आणलं तेही तालमी संपता संपता! 'डस्ट इन द विंड' तर मुळात त्याचा गिटारवरचा बोटांचा रियाज. बायकोने आग्रह धरला म्हणून त्याचं गाणं झालं आणि १९७८मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. गंमत म्हणजे त्यात ड्रम नाहीत. म्हणजे बँडची ओळख ठरलेलं गाणं बँडच्या एरवीच्या बाजाचं नाहीच.

पुढे लिव्हग्रेन ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला, गाण्यांचे शब्द बदलले, १९८१मध्ये वॉल्श बाहेर पडला. ऐंशीच्या दशकातले अल्बम मलाही फारसे रुचत नाहीत. पण ड्रमवादक फिल एहार्ट आणि गिटारवादक रिच विल्यम्स यांनी मोडलेला बँड १९८५मध्ये पुन्हा उभा केला. सोळा वर्षांच्या खंडानंतर २०१६मध्ये नवा अल्बमही काढला. स्टाइनहार्ट २०२१मध्ये वारला.

या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर लेखकाने आधी 'साँग फॉर अमेरिका' सलग ऐकावं, एवढीच विनंती.

– एक वाचक, ठाणे