आरएसएस फीडची लिंक दिसेल अशी ठेवा

संपादक महोदय,

तुमच्या वेबसाईटवर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांची बटणं आहेत पण आरएसएस फीडची लिंक शोधूनही सापडत नाही, म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आरएसएस फीड म्हणजे वेबसाईटने ठेवलेली एक साधी फाईल, त्यात नव्या लेखांची शीर्षकं, तारीख, लिंक आणि जमलं तर सारांश असतो, आपल्याकडचं फीड रीडर अ‍ॅप ती फाईल अधूनमधून बघतं आणि नवीन आलेलं आपल्यापुढे ठेवतं, बस. ईमेल नाही, फोन नंबर नाही. कुठली बातमी वर दाखवायची हे सोशल मीडियाचा अल्गोरिदम ठरवत नाही, जी आली ती आली.

मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो क्वचित लिहिणाऱ्यांसाठी. खगोलशास्त्रावर, जुन्या नकाशांवर मनापासून लिहिणारे लोक असतात, वर्षातून दोन-तीनदाच लिहितात पण असं लिहितात की चुकवू नये, आता त्यांची साईट रोज उघडून कोण बघणार? सोशल मीडियावर ते लेख तासाभरात खाली जातात. फीडमध्ये मात्र सहा महिन्यांनी आलेला लेखसुद्धा आपण वाचेपर्यंत तिथेच असतो. यूट्यूब चॅनलचीसुद्धा फीड असते आणि पॉडकास्ट तर बहुतेक सगळे याच तंत्रावर चालतात, ऐकणाऱ्यांना ते माहीत नसतं एवढंच.

हे तंत्र १९९९ चं, नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीत सुरू झालेलं. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर हे गूगलचं फीड रीडर बंद झालं तेव्हा फीड संपल्या असं खूप जणांना वाटलं, पण लोकांनी आपल्या फीडची यादी ओपीएमएल फाईलमध्ये (अशी यादी साठवायचा ठरलेला प्रकार) काढून घेतली आणि फीडली, इनोरीडरसारख्या दुसऱ्या रीडरमध्ये टाकली. फीड कुठल्या एका कंपनीच्या मालकीची नाही म्हणूनच हे जमलं, आणि मला हीच गोष्ट फार मोलाची वाटते.

आता विनंती. सगळ्या बातम्यांची एकच फीड देऊ नका, रोज एवढा ढीग येतो की वाचक दोन दिवसात ती काढून टाकतो. अग्रलेख, विज्ञान, क्रीडा, पुस्तकं अशा वेगळ्या फीड द्या. जाहिरातींचं उत्पन्न बुडेल म्हणून पूर्ण लेख द्यायचा नसेल तर समजू शकतो, पण चार ओळींचा नीट सारांश तरी द्या, वाचायचं असेल तर माणूस लिंक उघडून तुमच्याच साईटवर येतो. आणि साईट नवीन केली की फीडचा जुना पत्ता नव्याकडे वळवा, नाहीतर रीडरमध्ये काहीच येत नाही आणि वाचकाला वाटतं तुम्ही लिहायचंच थांबवलं.

आपला,
एक नियमित वाचक