बांध कोरला की दंड : लॅक्स्टनच्या शेतीबाबत खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार,
लंडन

विषय : नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टनची खुली शेती

महोदय,

नोव्हेंबर सरता सरता लॅक्स्टनचे पंच ट्रॉलीत खुंट्या आणि हातोडा टाकून गव्हाच्या नव्या पेऱ्यावर जातात. कोणी नांगर गवतात पुढे घातला, कोणी रस्ता खाल्ला, हे पाहून खऱ्या हद्दीवर खुंटी ठोकतात. आठवड्याने गावच्या डवकोट इनमध्ये कोर्ट लीट, म्हणजे जुनं जहागिरी न्यायालय, बसतं आणि दंड ठरतो. रक्कम किरकोळ, पण शेजाऱ्यांसमोर भरायची. बांध कोरणं म्हणजे काय हे मराठी शेतकऱ्याला समजावावं लागत नाही, म्हणून हे पत्र मराठीत. १९७७ च्या कायद्याने जुन्या जहागिरी न्यायालयांचे अधिकार गेले, तेव्हा लॅक्स्टनच्या कोर्टाचे राखले, हे आपल्या दप्तरी असेलच.

वेस्ट, साऊथ आणि मिल अशी तीन मोठी रानं, त्यांत वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या, मधे कुंपण नाही. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पड किंवा चाऱ्याला. दरवर्षी पाळी पुढे सरकते. त्यामुळे प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्ही रानांत हव्यात. सगळ्या एकाच रानात आल्या, तर तीन वर्षांतून एकदा त्याच्या घरात दाणा येणार नाही. तुकडे जोडा म्हणणारा कायदा महाराष्ट्रात १९४७ पासून आहे आणि तो चुकीचा नाही. लॅक्स्टनला मात्र तोच शहाणपणा मारक आहे.

या पद्धतीत गोम आहेच. ट्रॅक्टर वळवण्यात वेळ आणि डिझेल जातं, आणि एकाने तण माजू दिलं की बी शेजारच्या पट्टीत. ज्या सखल, ओल्या जागी नांगर चालत नाही, तिथे गवत राखतात. त्याला साइक म्हणतात. तिथल्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो. कधीच न नांगरल्यामुळे तिथे रानफुलं टिकली आहेत. वर्षाला वीतभर नांगर आत सरकला, तरी दहा वर्षांत साडेसात फूट साइक जाते, आणि एकदा उलथलेलं जुनं गवत पुन्हा पेरून येत नाही.

१९५२ मध्ये आपल्या पूर्वीच्या कृषी खात्याने हे गाव अर्ल मॅनव्हर्सकडून विकत घेतलं ते ही पद्धत वाचावी म्हणूनच. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं, २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून त्याच घराण्याच्या इस्टेटीकडे. मार्क पिअर्सने काढलेला गावाचा १६३५ चा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात सुखरूप आहे. त्याची काळजी नाही. काळजी कुळांची आहे.

एखादा शेतकरी निवृत्त झाला की त्याच्या पट्ट्या शेजाऱ्याला जोडणं मालकाला सोपं जातं. असं चार वेळा झालं, तर पंच म्हणून बसायला बारा माणसं आणायची कुठून? रिकाम्या घरात तिन्ही रानांतल्या पट्ट्यांसह नवं कूळ यावं, अशी लेखी हमी मालकाकडून घ्या. अनुदानाचा करार एकेका शेतकऱ्याशी न करता अख्ख्या रानाशी करू द्या, म्हणजे पड ठेवलेल्या वर्षाचा भार सगळ्यांवर सारखा पडेल. आणि साइकची हद्द मोजणाऱ्या अधिकाऱ्याने पंचांच्या खुंट्या प्रमाण धराव्यात, उपग्रहाच्या चित्रावरची रेघ नव्हे.

कळावे,
खुल्या शेतीचे अभ्यासक