अ‍ॅल्युमिनियमच्या आउटड्राइव्हला तांबं असलेला रंग चालतो असं सांगून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझी २४ फुटी फायबरची बोट मांडव्याला मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच नांगराला बांधून असते. पावसाळा सोडला तर कायम पाण्यात. गेल्या सप्टेंबरात तुमचा अँटीफाउलिंग (बुडाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग घेण्याआधी मी हेल्पलाइनला फोन करून स्पष्ट विचारलं होतं: बूड फायबरचं, पण मागचा आउटड्राइव्ह (इंजिनाचा पंखा फिरवणारा, पाण्यात उतरलेला भाग) अ‍ॅल्युमिनियमचा, दोन्हीला हाच चालेल का? उत्तर मिळालं, "चालेल, खाली प्रायमर मारा." डब्यावरही 'फायबर, लाकूड व धातू' असंच छापलं आहे. मी प्रायमरचे दोन हात दिले, त्यावर तुमच्या रंगाचे दोन.

जानेवारीत बोट वर घेतली. बुडाला बार्नेकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) जवळजवळ नव्हते, हे मी मान्य करतो. पण आमच्या तांडेलांनी मला ड्राइव्हजवळ बोलावलं. रंगाला फोड आले होते. नखाने खरवडलं तर आत पांढरी भुकटी, आणि भुकटीखाली खड्डे. मुरिंगची दोरी घासून जिथे प्रायमर उडाला होता, तिथले खड्डे सर्वांत खोल. सप्टेंबरातच नवे बसवलेले अ‍ॅनोडही (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) जवळपास संपले होते.

तुमच्या रंगात क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग आहे. खाऱ्या पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागले की त्यांची बॅटरी होते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्याच इंग्रजी माहितीपत्रकात 'अ‍ॅल्युमिनियमवर वापरू नये' अशी ओळ आहे. ती डब्यावर का नाही?

माझ्या पहिल्या पत्राला तुम्ही 'प्रायमर नीट लावला नाही' असं उत्तर दिलंत. मुरिंगवरच्या बोटीला दोरी घासणारच, शेवाळ काढताना पत्रा लागणारच. एका ओरखड्यावर ज्याचं सगळं अवलंबून आहे, ते संरक्षण कसलं? तुमच्याकडे झिंक पायरिथिऑनचा, तांबं नसलेला रंग आहे. तो महाग असता तरी मी घेतला असता. बुडाला तांब्याचा रंग देताना ड्राइव्हच्या बैठकीभोवती चार सेंटिमीटरची पट्टी कोरी सोडायची असते, हेही मला मेकॅनिककडून कळलं, तुमच्याकडून नाही.

सर्वांत वाईट वाटतं ते वेगळंच. माझ्या सांगण्यावरून शेजारच्या दोन बोटींनी हाच रंग घेतला. त्यांना बोट वर घ्यायला सांगायला मलाच जावं लागलं. एकाचा ड्राइव्ह वाचला, दुसऱ्याचा नाही.

गिअरकेस (ड्राइव्हचं गिअर असलेलं कवच) बदलण्याचा पूर्ण खर्च मला मिळावा. शेजाऱ्यांच्या नुकसानीचीही दखल घ्यावी. आणि 'अ‍ॅल्युमिनियमवर वापरू नये' हे डब्यावर मराठीत, ठळक अक्षरात छापावं. दुकानांत असलेल्या डब्यांवर निदान चिकटपट्टी तरी लावा, येत्या पावसाळ्याआधी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी जिल्हा आयोगाकडे जाईन.

बिलं, फोटो आणि मेकॅनिकचा अहवाल सोबत जोडले आहेत. ड्राइव्ह तसाच ठेवला आहे. तुमच्या माणसाने येऊन पाहावा.

आपला,
एक ग्राहक, अलिबाग